अर्ध्यावर सोडलेली पदवी आणि पूर्ण झालेले शिक्षण

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव आपल्याकडे बहुतेकांना चित्रपटामुळे ठाऊक आहे. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला आणि डॉक्टरांची भूमिकाही स्वतःच केली. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांची सेवा करणारा, तिथल्याच मुलीशी लग्न करणारा आणि तिथेच देह ठेवणारा मराठी डॉक्टर म्हणून ते त्यांची आठवण सांगतील. त्या आठवणीत एक गोष्ट मात्र सहसा येत नाही. चीनच्या बोटीत पाऊल ठेवले तेव्हा कोटणीस विद्यार्थीदशेतून पुरते बाहेर आलेले नव्हते. एम. बी. बी. एस. होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती, पुढच्या पदवीची तयारी चालली होती आणि ती तयारी तशीच टाकून ते निघाले होते.

आज ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. अमरावती-अकोल्याच्या घराघरांतून दरवर्षी निकालानंतर एकच चर्चा झडते: आता पुढे काय? एखादा मुलगा किंवा मुलगी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घ्यायची म्हणते आणि त्याच्याच जोडीला परदेशात जाऊन वर्ष-दोन वर्षे स्वयंसेवकाचे काम करायचे म्हणते, तेव्हा आईवडिलांच्या कपाळावर आठ्या पडतात. आधी पदवी तर पुरी कर, पायावर उभा राहा, मग काय ती सेवा कर, असा सल्ला मिळतो. तो चुकीचा आहे असे कोण म्हणेल? पण शिक्षण आणि सेवा यांची सांगड नेमकी कशी पडते, तिची किंमत कोण मोजते आणि तिच्यातून माणूस काय होऊन बाहेर पडतो, हे पाहायचे तर कोटणीसांच्या आयुष्याइतके उघडे पुस्तक दुसरे नाही.

गिरणगावातला मुलगा

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. घर मध्यमवर्गीय, तेही बेताचे. दोन भाऊ, पाच बहिणी असा मोठा परिवार. सोलापूर त्या वेळी कापडगिरण्यांचे गाव होते आणि राजकारणातही तापलेले होते. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटले. इंग्रज सरकारने तिथे लष्करी कायदा पुकारला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा या चौघांना फाशी देण्यात आले. ज्या गावात हे घडले त्या गावातल्या विशीच्या तरुणाच्या मनावर त्याचा काय परिणाम झाला असेल, हे वेगळे सांगायला नको.

डॉक्टर व्हायचे हे द्वारकानाथांच्या मनाने लहानपणीच घेतले होते. त्यासाठी ते मुंबईला परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात दाखल झाले. १९२६ साली निघालेल्या या कॉलेजाची कल्पनाच मुळी स्वाभिमानातून आली होती. भारतीय डॉक्टरांना शिकवण्याची आणि रुग्णालय चालवण्याची संधी मिळावी म्हणून ते उभे राहिले. के. ई. एम. रुग्णालयाच्या त्या आवारात कोटणीस शिकले आणि १९३६ साली पदवीधर झाले.

त्याच १९३६ साली मुंबईतच आणखी एक शिक्षणसंस्था सुरू झाली. नागपाड्याच्या वस्तीत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उघडले. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकेतून येऊन नागपाड्याच्या कामगार वस्तीत काम करणारे गृहस्थ होते. समाजसेवा ही नुसत्या कळकळीने होत नाही, तिचेही शास्त्र शिकावे लागते आणि ते शिकताना वर्गाइतकाच वेळ वस्तीतही घालवावा लागतो, ही कल्पना त्यांनी इथे रुजवली. हीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. आज अमरावती-अकोल्यापर्यंत समाजकार्याचे जे अभ्यासक्रम पोहोचले आहेत, त्यांतल्या क्षेत्रकार्याचे मूळ असे परदेशातून येऊन इथे राहिलेल्या माणसाच्या कामात आहे. कोटणीसांनी उलटी वाट धरली. ते इथून निघून दुसऱ्याच्या देशात राहिले.

चीनची हाक

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळ जपानी आणि चिनी फौजांची चकमक झाली आणि तिचे पाहता पाहता मोठ्या युद्धात रूपांतर झाले. डिसेंबरात राजधानी नानकिंग पडली. जखमींची संख्या अफाट, डॉक्टर मूठभर. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधे पाठवण्याची विनंती केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी ही विनंती मनावर घेतली. जुलैमध्ये चीन दिन पाळला गेला, निधी गोळा झाला आणि सुमारे २२ हजार रुपये जमले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या देशाला पाठवलेली ही मदत होती. रकमेपेक्षा तिच्यामागचा भाव मोठा होता.

पथकात पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे नेते. स्पेनच्या यादवी युद्धात सेवा करून आलेला हा अनुभवी माणूस. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी. चौथे आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर, पथकातले ज्येष्ठ. वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांताला जोडलेला आणि नागपूर त्याची राजधानी, म्हणजे आपल्या प्रांताचाही एक माणूस या पथकात होता. आणि पाचवे कोटणीस, वय वर्षे २७.

एका बाजूला पुढची पदवी, मुंबईतला मान, कुटुंबाला हातभार. दुसऱ्या बाजूला अनोळखी देशातले युद्ध. कोटणीस सोलापूरला गेले आणि घरच्यांपुढे त्यांनी आपला बेत मांडला. चीन म्हणजे काय, हे घरात कोणाला फारसे माहीत नव्हते. त्या काळी रेशमी कापडाचे गठ्ठे पाठीवर घेऊन चिनी फेरीवाले आपल्याकडच्या गावांतून हिंडत, तेवढीच काय ती ओळख. वडिलांनी मुलाला उत्तेजन दिले. आईला मात्र फार वाईट वाटले. शिकून-सवरून डॉक्टर झालेला मुलगा हाताशी येतो न येतो तोच लढाईच्या मुलखात निघाला होता. तिचे वाईट वाटणे गैर नव्हते, हे पुढे कळून आलेच.

परदेशी जाण्याचे वेड त्या काळात केवळ मुंबई-पुण्यालाच होते असे नाही. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले होते. पापळचे पंजाबराव देशमुख ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवून परतले आणि त्यांनी वऱ्हाडात शाळा-कॉलेजांचे जाळे विणले. कोणी आपले कसब जगाला दाखवून आले, कोणी जगाचे ज्ञान घरी घेऊन आले. कोटणीस आपले ज्ञान जगाला देऊन टाकायला निघाले.

पहिली परीक्षा

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने हे पथक मुंबईहून निघाले. बरोबर रुग्णवाहिका आणि औषधांच्या पेट्या होत्या. १७ सप्टेंबरला ते कँटनला पोहोचले. डॉ. सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. पुढे हांकौला रेडक्रॉसच्या रुग्णालयात काम सुरू होते न होते तोच ऑक्टोबरात ते शहर पडले. जखमींबरोबर डॉक्टरही मागे हटत हटत यीचांग आणि तिथून चुंगकिंगला आले.

चुंगकिंगमध्ये पाचही जणांना चिनी नावे मिळाली. प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर होते, त्याचा अर्थ चीन. कोटणीसांचे नाव झाले के दिहुआ. आजही चीनमध्ये त्यांना याच नावाने ओळखतात.

याच शहरात त्यांना घरून बातमी आली. वडील वारले होते. ज्यांनी जायला बळ दिले तेच गेले आणि मागे मोठा संसार राहिला. सहकाऱ्यांनी त्यांना घरी परत जाण्याचा सल्ला दिला. कोणीही तसेच म्हटले असते आणि कोटणीस परतले असते तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती. पण येनानला जायचे ठरले होते. आपण घेतलेले काम अजून सुरूच झालेले नाही, असे मानून त्यांनी दुःख गिळले आणि पथकाबरोबर उत्तरेची वाट धरली.

इथे थोडे थांबले पाहिजे. सेवेच्या कथा सांगताना आपण घरच्यांना बहुधा विसरतो. जाणाऱ्याचा त्याग सगळ्यांना दिसतो. मागे राहिलेल्या आईचा, भावंडांचा त्याग कोणी मोजत नाही. कोटणीसांची सेवा खरी होती, तितकाच घरावर पडलेला भारही खरा होता. दोन्ही लक्षात ठेवूनच हे चरित्र वाचायला हवे.

येनानच्या गुहा

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले. पिवळ्या मातीच्या डोंगरउतारात खोदलेल्या गुहा हीच तिथली घरे आणि त्याच गुहांमध्ये रुग्णालय. परळच्या नव्याकोऱ्या रुग्णालयातून आलेल्या डॉक्टरला वीज नाही, पुरेशी औषधे नाहीत, उपकरणे मोजकी अशा जागी काम करायचे होते. शिकलेले सारे इथे नव्याने शिकावे लागले.

त्या वर्षात पथक विरळ होत गेले. चोळकर आणि मुखर्जी १९३९ सालीच परतले, १९४० मध्ये अटलही. प्रत्येकाने आपल्या शक्तीप्रमाणे सेवा केली होती. मागे राहिले बसू आणि कोटणीस. दोघांनी येनानची त्यातल्या त्यात सुरक्षित जागा सोडून थेट आघाडीकडे जाण्याची परवानगी मागितली आणि ती मिळवली. पुढे बसू येनानला परत गेले. कोटणीस उत्तर चीनच्या सीमाभागातच राहिले, जपानी फौजांच्या पिछाडीला, डोंगरातल्या खेड्यांत.

या भागात त्यांच्या आधी एक परदेशी डॉक्टर काम करून गेला होता. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून. शस्त्रक्रियेचे सामान खेचरांवर लादून जखमी असेल तिथे जाण्याची पद्धत त्यांनी घालून दिली होती. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, जखम चिघळून विष अंगात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले. १९४० च्या जूनमध्ये कोटणीस त्यांच्या समाधीवर जाऊन आले. त्यांची जागा चालवायची हे तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतले असावे.

तेरा दिवस

१९४० च्या ऑगस्टमध्ये आठव्या मार्ग सेनेने जपानी रेल्वेमार्ग आणि ठाण्यांवर मोठी मोहीम उघडली. शंभर पलटणींची मोहीम म्हणून ती इतिहासात नोंदली आहे. या धुमश्चक्रीत एका लढाईच्या वेळी १३ दिवसांत कोटणीसांच्या पथकाकडे ८०० हून अधिक जखमी आले. त्यांतल्या ५५८ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या. एकदा तर सलग ७२ तास ते टेबलाजवळून हलले नाहीत. आजच्या सुसज्ज रुग्णालयातल्या कोणाही सर्जनला हे आकडे सांगा, तो क्षणभर गप्प होईल. तिथे तर तोफांचे आवाज जवळ येत होते.

१९४१ च्या जानेवारीत बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून कोटणीसांची नेमणूक झाली. नाव भारदस्त, पण रुग्णालय म्हणजे खेड्यातली घरे. शत्रूची धाड येणार असे कळले की रुग्ण, औषधे, उपकरणे सगळे उचलायचे आणि डोंगरात दुसऱ्या गावी न्यायचे. गावकरी जखमींना आपल्या घरात ठेवून घेत. हा भरवसा गावकऱ्यांच्या मनात निर्माण झाल्याशिवाय असे रुग्णालय एक दिवसही चालले नसते.

विद्यार्थी झाला शिक्षक

कोटणीसांच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग इथे येतो आणि चित्रपटात त्याला फारशी जागा नाही. ते चिनी भाषा शिकले. नुसते दुखते कुठे एवढे विचारण्यापुरती नव्हे, तर वर्गात उभे राहून शस्त्रक्रिया शिकवता येईल इतकी. बेथून वैद्यकीय विद्यालयात खेड्यापाड्यांतून आलेले तरुण होते. कोणाचे शालेय शिक्षणही धड झालेले नव्हते. त्यांना परकी भाषा शिकवून मग वैद्यक शिकवणे शक्यच नव्हते. म्हणून शिक्षकानेच त्यांची भाषा उचलली. पाठ्यपुस्तके नव्हती, तेव्हा कोटणीस स्वतः चिनी भाषेत लिहायला बसले. शस्त्रक्रियेच्या सर्वसाधारण तत्त्वांचे एक पुस्तक त्यांनी तयार केले आणि दुसरे हाती घेतले. ते मात्र त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले.

मुंबईत पदव्युत्तर परीक्षा देऊन ते जे मिळवणार होते, ते त्यांनी इथे वेगळ्या रीतीने मिळवले. शेकडो शस्त्रक्रियांचा अनुभव, रुग्णालय चालवण्याची जबाबदारी, अध्यापन आणि ग्रंथलेखन. उच्च पदवीकडून आपण याहून वेगळे काय मागतो? प्रमाणपत्र तेवढे मिळाले नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. युद्ध चालू असताना हातातले जखमी सोडून वर्ग घेणे हा वेळेचा अपव्यय वाटू शकतो. पण कोटणीस एकटे किती जखमींना पुरे पडणार? त्यांनी शिकवलेला प्रत्येक तरुण त्यांच्या पश्चातही काम करीत राहणार होता. बाहेरून आलेल्या स्वयंसेवकाचे काम खरे तर हेच असते. आपण गेल्यावर काम थांबणार नाही अशी तजवीज तो आपल्या हयातीतच करून ठेवतो.

संसार आणि शेवट

त्याच विद्यालयात गुओ छिंगलान या परिचर्येच्या शिक्षिका होत्या. कामातून ओळख झाली, ओळखीतून स्नेह जुळला आणि १९४१ च्या अखेरीस दोघांचे लग्न झाले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. हे नाव त्या भागाचे सेनापती न्ये रोंगझेन यांनी सुचवलेले होते. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासदही झाले. ज्यांच्यात राहायचे त्यांच्यापासून काही वेगळे ठेवायचे नाही, हा त्यांचा स्वभावच होता.

प्रकृती मात्र साथ देईनाशी झाली होती. १९४१ पासून त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी तिथून दुसरीकडे जावे, असा आग्रह वरिष्ठांनी धरला. हातातले काम सोडून जायला ते तयार झाले नाहीत. सततची दगदग आणि अपुरे अन्न यांनी शरीर पोखरले होते. ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे होपेई प्रांतातल्या गेगोंग गावी त्यांची प्राणज्योत मालवली. वय ३२. मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा.

माओ त्से-तुंग आणि चू तेह यांनी त्यांना श्रद्धांजली वाहिली. पुढे त्यांचे अवशेष श-च्या-च्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत हलवण्यात आले. बेथून आणि कोटणीस यांच्या समाध्या तिथे आहेत. यिनहुआही वैद्यकीचा अभ्यास करीत होता, पण १९६७ साली ऐन पंचविशीत तोही गेला. गुओ छिंगलान पतीच्या देशाला विसरल्या नाहीत. त्या अनेकदा भारतात आल्या, कोटणीस कुटुंबाला भेटल्या. २०१२ साली त्यांचे निधन झाले. कोटणीसांच्या स्मरणार्थ चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये टपाल तिकीट काढले. सोलापुरात त्यांच्या राहत्या घराचे स्मारक झाले आहे. दोन देशांचे संबंध १९६२ नंतर कितीदा बिघडले, पण या एका नावाबद्दल दोन्हीकडे आदरच राहिला.

आजच्या घराला काय सांगते?

कोटणीसांच्या वेळी शिक्षण आणि परदेशातली सेवा यांची सांगड घालणारी कोणतीही व्यवस्था नव्हती. एक निवडायचे तर दुसरे सोडावे लागे. नंतरच्या काळात जगाने यावर विचार केला. अमेरिकेच्या पीस कोअर या स्वयंसेवक दलाने १९८७ पासून २०१६ पर्यंत अशी एक योजना चालवली होती. तिच्यात पदव्युत्तर विद्यार्थ्याचा काही अभ्यास विद्यापीठात होई, मग तो परदेशी खेड्यात सेवेला जाई आणि त्या अनुभवाची पदवीशी सांगड घातली जाई. संयुक्त राष्ट्रांचे स्वयंसेवक दल १९७१ पासून काम करीत आहे. शिकलेल्या, अनुभव घेतलेल्या तरुणांना त्याच्यामार्फत दुसऱ्या देशात जाऊन काम करता येते.

म्हणजे आजच्या मुलाला कोटणीसांसारखे अभ्यास टाकून जाण्याची गरज नाही. पण त्यांच्याकडून घेण्यासारखे बरेच आहे. परक्या मुलखात जायचे तर हातात एखादे पक्के कौशल्य हवे. कोटणीसांनी पुढची पदवी सोडली, पण पहिली पुरी केली होती. नुसती कळकळ घेऊन ते गेले असते तर त्या तेरा दिवसांत कोणाच्या उपयोगी पडले असते? दुसरे, तिथली भाषा आली पाहिजे. तिसरे, आपण जे करतो ते तिथल्या माणसांना शिकवून यायला पाहिजे. फोटो काढून पंधरवड्यात परतणाऱ्याला ही सेवा कळायची नाही.

आणि परदेशच कशाला, असे कोणी विचारील. तेही खरेच आहे. अमरावतीजवळच्या तपोवनात दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरोग्यांसाठी जे काम उभे केले, ते परक्या मुलखातल्या कामापेक्षा तसूभर कमी नाही. मेळघाटातल्या पाड्यावर कोरकू भाषा शिकून राहणारा समाजकार्याचा विद्यार्थी एका अर्थाने कोटणीसांच्याच वाटेवर चाललेला असतो. अंतर किती मैलांचे आहे, यापेक्षा आपण समोरच्या माणसापर्यंत पोहोचलो की नाही, हे महत्त्वाचे.

मात्र घरातून कोणी दूरच्या देशी जायचे मनावर घेतलेच, तर आईवडिलांनी लगेच नाही म्हणू नये आणि मुलांनीही घर विसरू नये. मुलाने आपला बेत घरात बसून मोकळेपणाने मांडावा, किती वर्षांसाठी जायचे, पदवीचे काय, घरखर्चाचे काय, हे सारे आधी बोलून घ्यावे. सोलापूरच्या त्या घरात वडिलांनी होकार दिला आणि आईने डोळे पुसले. त्या होकाराइतकीच आईच्या अश्रूंचीही आठवण ठेवून जो जाईल, त्याच्या हातून सेवा घडेल आणि शिक्षणही पुरे होईल.